‘वॉन्टेड’ कुणाला? एका कमांडची समीक्षा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला एक भाग जोडला आहे.)



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कविता, कादंबरी, नाटक, फार तर सिनेमा येतो. आज मी ज्याची समीक्षा करणार आहे ती एक कमांड आहे. दोन शब्दांची. ‘एनपीएम अपडेट’. जावास्क्रिप्टमध्ये काम करणारा माणूस ती टर्मिनलवर टाइप करतो, एन्टर मारतो आणि चहाला जातो. परत येईपर्यंत त्याच्या प्रोजेक्टमधला बराचसा कोड बदललेला असतो. त्यातली एक ओळही त्याने लिहिलेली नसते, आणि वाचलेलीही नसते.

कमांडची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. ते हत्यार आहे, चाललं तर चांगलं, नाही तर टाकून द्यायचं. मला हे पटत नाही. कमांड बोलते. ती ठरावीक शब्द वापरते, काही गोष्टी छापते, काही गिळते, काहींना लाल रंग देते, काहींना पिवळा. तिचं म्हणणं वाचून लोक रोज निर्णय घेतात. मग एखाद्या अग्रलेखाला आपण जे प्रश्न विचारतो ते हिला का विचारू नयेत? ही काय सांगते, काय दडवते, आणि बोलते ती कुणाच्या बाजूने?

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. आजचं सॉफ्टवेअर कुणी एकटा लिहीत नाही. तारीख नीट छापायची आहे, फाइल वाचायची आहे, टर्मिनलवर रंगीत अक्षरं हवी आहेत, या प्रत्येकासाठी कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार पॅकेज मिळतं. ते पॅकेज आणखी चार पॅकेजांवर उभं असतं, ती चार आणखी कशावर तरी. या अवलंबून असण्याला डिपेंडन्सी म्हणतात. २०१९ साली यूजनिक्सच्या सुरक्षा परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. त्यातला हिशेब असा, की एनपीएमवरचं एक सरासरी पॅकेज घेतलं की त्यासोबत तुम्ही आणखी ७९ पॅकेजांवर आणि ३९ माणसांवर विश्वास टाकलेला असतो. ३९ माणसं म्हणजे लग्नातली एक पंगत झाली. नावं माहीत नाहीत, तोंडं पाहिलेली नाहीत, आणि घराची किल्ली मात्र सगळ्यांकडे.

प्रोजेक्टमध्ये दोन फाइली असतात. ‘पॅकेज डॉट जेसन’ ही वाण्याला द्यायची यादी. ‘पॅकेज-लॉक’ ही आलेल्या मालाची पावती. पावतीवर नेमकं कुठलं व्हर्जन आलं, कुठून आलं आणि सील म्हणून एक हॅश, असं सगळं असतं. यादी मात्र मोघम असते. व्हर्जनच्या आकड्याआधी टोपीसारखं एक चिन्ह असतं, त्याला कॅरेट म्हणतात. यादीत ‘^३.३.४’ लिहिलं तर त्याचा अर्थ ३.३.४ किंवा त्यापेक्षा नवं काहीही चालेल, फक्त ४ च्या आतलं द्या. हे चिन्ह तुम्ही घालत नाही. तुम्ही पॅकेज बसवलंत की एनपीएम ते २०१४ पासून आपण होऊन घालतं. पावती आपोआप मिळायला मात्र २०१७ उजाडलं, तेही आदल्या वर्षी फेसबुकवाल्यांनी यार्न काढून दाखवल्यावर. म्हणजे मधली तीन वर्षं यादी मोघम आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, असा कारभार होता.

आता ‘एनपीएम अपडेट’ म्हणजे काय? तीच मोघम यादी घेऊन पुन्हा दुकानात जायचं, यादीत बसेल तो सगळ्यात ताजा माल उचलायचा, जुनी पावती फाडायची आणि नवी करायची. एवढंच. पण हे ‘एवढंच’ ती कुठल्या शब्दांत सांगते ते बघा.

समजा तुम्ही ती चालवलीत. नऊ-दहा सेकंदांनी ती म्हणते: ४१ पॅकेजं बदलली, १२९० पॅकेजं तपासली, १६० पॅकेजं आर्थिक मदतीच्या शोधात आहेत, धोके शून्य सापडले. संपलं. आकडे मी वानगीदाखल घेतले, पण साचा हाच. यात एकही नाव नाही. ४१ म्हणजे कुठली ४१? कशावरून कशावर गेली? लॉक फाइल उघडा आणि शोधा, आणि लॉक फाइल तर हजारो ओळींची. ‘ड्राय रन’ म्हणून रंगीत तालमीचा एक पर्याय आहे, पण तो आठवणीने मागावा लागतो.

याच्या शेजारी डेबियनचं ‘एपीटी’ ठेवून बघा. तिथे मुळात शब्दच दोन आहेत. ‘अपडेट’ म्हणजे फक्त दुकानातली मालाची सूची ताजी करणं, घरात काहीही बदलत नाही. बदलायचं असेल तर ‘अपग्रेड’. ते म्हटलंत की अमुक अमुक पॅकेजं बदलणार, अशी नावांची यादी येते, किती एमबी उतरवायचे ते येतं, डिस्कवर किती जागा लागेल ते येतं, आणि मग प्रश्न येतो, पुढे जायचं का? रस्टमध्ये ‘कार्गो अपडेट’ आहे. ते विचारत नाही, पण प्रत्येक पॅकेजची एक ओळ छापतं, आधीचं व्हर्जन, बाण, नंतरचं व्हर्जन. दोन्ही साधने एनपीएमपेक्षा फार हुशार आहेत असं नाही. ती फक्त नाव घेतात. नाव घेतलं की डोळा अडकतो.

दुसरं असं, की कार्गोचं अपडेट नुसती पावती लिहितं. एनपीएमचं अपडेट माल घरात आणतं आणि पॅकेजाने सोबत एखादी स्क्रिप्ट दिली असेल तर ती तिथल्या तिथे तुमच्या मशीनवर चालवतं. म्हणजे पाहुण्याने उंबरठ्यावरच चुलीशी खेळायला सुरुवात केली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘शाई-हुलूद’ नावाचा जो किडा एनपीएमवर पसरला तो याच वाटेने. बसवताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून तो मशीनवरच्या किल्ल्या चोरायचा आणि त्या किल्ल्या वापरून त्या माणसाच्या इतर पॅकेजांत स्वतःला छापून टाकायचा. पीएनपीएम या पर्यायी साधनाने अशा स्क्रिप्ट त्याच वर्षाच्या सुरुवातीला, दहाव्या आवृत्तीत, मुळातच बंद केल्या होत्या. एनपीएमने मात्र हे दार वर्षानुवर्षं उघडं ठेवलं.

आता मला ज्या शब्दाबद्दल बोलायचं आहे तो.

‘एनपीएम आउटडेटेड’ म्हणून कमांड आहे. अपडेट करण्याआधी शहाणी माणसं ती चालवतात. ती एक तक्ता दाखवते. त्यात करंट, वॉन्टेड आणि लेटेस्ट असे तीन रकाने. करंट म्हणजे आत्ता तुमच्याकडे आहे ते. लेटेस्ट म्हणजे दुकानात सगळ्यात नवं आहे ते. आणि वॉन्टेड? तुमच्या यादीत बसणारं सगळ्यात नवं. ‘हवं असलेलं’. कुणाला हवं असलेलं? व्याकरणात कर्मणी प्रयोगाची एक सोय असते, कर्त्याला न सांगता बाजूला काढता येतं. ‘निर्णय घेण्यात आला’. सरकारी पत्रं या प्रयोगावर जगतात. वॉन्टेड हा त्याच जातीचा शब्द आहे. ते व्हर्जन तुम्हाला हवं नव्हतं, तुम्हाला ते अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. कॅरेट साधनाने घातलं, आणि त्या कॅरेटवरून काढलेल्या निष्कर्षाला साधन म्हणतं, ही तुमची इच्छा. (हशा)

त्यावर रंग. एनपीएमचे कागदपत्र सांगतात, ओळ लाल दिसली तर यादीत बसणारं नवं व्हर्जन उपलब्ध आहे, ताबडतोब घ्या. पिवळी दिसली तर नवं व्हर्जन यादीबाहेरचं आहे, जपून. म्हणजे छोटी उडी बिनधोक आणि तातडीची, मोठी उडी धोक्याची. हा समज व्हर्जनच्या तीन आकड्यांच्या रिवाजावर उभा आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहून काढला आणि तो चांगला रिवाज आहे. शेवटचा आकडा बदलला तर दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, पहिला बदलला तर जुनं काहीतरी मोडणार. पण हे वचन माणूस देतो. कुठलंही यंत्र ते तपासत नाही. एखाद्याने शेवटचा आकडा वाढवून आत काहीही भरलं, तर एनपीएमच्या दृष्टीने ती दुरुस्तीच. बरं, प्रामाणिक दुरुस्तीनेसुद्धा घरं पडतात. हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे असले की तुमच्या प्रोग्रामच्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं, मग तुम्ही कागदावर काहीही वचन दिलेलं असो. बगसुद्धा कुणाच्या तरी सोयीचा असतो.

२०१८ मध्ये या लाल-पिवळ्याचं काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या कमांडचं यापेक्षा नेमकं परीक्षण मला करता आलं नसतं.

‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचं पॅकेज होतं. डॉमिनिक टार या माणसाने लिहिलेलं. त्याने शेकडो पॅकेजं लिहिली आहेत. हे त्यातलं एक, वापर प्रचंड, आणि तो स्वतः ते कित्येक वर्षं वापरत नव्हता. मिळकत शून्य, आणि अडचणी सांगणारे लोक रोज दारात. अशात एका अनोळखी माणसाने ईमेल केला, मी सांभाळू का? टारने किल्ली देऊन टाकली. यावरून पुढे त्याला पुष्कळ बोल लावले गेले. मला ते अन्यायाचं वाटतं. फुकटात विहीर खणून दिलेल्या माणसाने आयुष्यभर रहाटही ओढावा, अशी आपली अपेक्षा होती. त्या कमांडच्या शेवटी एक ओळ येते ना, इतकी पॅकेजं आर्थिक मदतीच्या शोधात आहेत? सगळ्या मजकुरात तेवढीच एक ओळ माणसांबद्दल बोलते. आणि आपण तीच सगळ्यात आधी डोळ्यांआड करतो.

तर, नव्या माणसाने ९ सप्टेंबर २०१८ ला ३.३.६ हे व्हर्जन काढलं. शेवटचा आकडा बदललेला, म्हणजे रिवाजाप्रमाणे किरकोळ दुरुस्ती. त्यात ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाची एक नवीन डिपेंडन्सी होती. त्या वेळी ती अगदी निरुपद्रवी. महिनाभराने, ऑक्टोबरात, या फ्लॅटमॅप-स्ट्रीमचं ०.१.१ आलं आणि खरं विष त्यात होतं. इव्हेंट-स्ट्रीमच्या यादीतली मोघम रांग ०.१.१ ला आत घेत होती, त्यामुळे इव्हेंट-स्ट्रीमला पुन्हा हात लावण्याचीही गरज पडली नाही. विषही असं, की सगळ्यांना बाधत नाही. तो कोड कुलूपबंद होता आणि त्याची किल्ली म्हणजे एका विशिष्ट प्रोजेक्टने स्वतःचं केलेलं वर्णन, तेच शब्द. तो प्रोजेक्ट ‘कोपे’ हे बिटकॉइनचं पाकीट. इतर कुठेही कुलूप उघडत नसे. तुमच्या टेस्ट पास, माझ्या टेस्ट पास.

आणि आता रंगांकडे या. ३.३.६ काढल्यानंतर काही दिवसांतच त्या माणसाने ४.०.० काढलं आणि त्यातून फ्लॅटमॅप-स्ट्रीम काढून टाकलं. कारण उघड आहे. कुणी ताजा कोड वाचायला गेलं तर तो स्वच्छ दिसावा. पण यादीत ‘^३’ असलेले सगळे ३.३.६ वरच अडकणार. म्हणजे ज्याच्याकडे आधीचं ३.३.४ होतं त्याच्या टर्मिनलवर ओळ लाल दिसणार आणि वॉन्टेडच्या रकान्यात ३.३.६ असणार. ताबडतोब घ्या. तो आज्ञाधारकपणे तिथे गेला की ओळ पिवळी होणार, लेटेस्ट ४.०.०, जपून. विषाला घाई आणि उताऱ्याला सावधगिरी. हल्लेखोराने एनपीएममधली एकही खोट वापरली नाही. त्याने फक्त एनपीएमची भाषा नीट वाचली होती. समीक्षक म्हणून तो आपल्यापेक्षा सरस निघाला म्हणायचं.

पकडलं कसं गेलं, तेही ऐका. नोडचं नवं व्हर्जन आलं होतं. त्यात कूटलेखनाचं एक जुनं फंक्शन कालबाह्य ठरवलं होतं आणि ते वापरणाऱ्याला इशारा छापला जात होता. काही लोकांनी नोड अपडेट केलं, आणि त्यांच्या टर्मिनलवर कुठूनसा हा इशारा येऊ लागला. हे जुनं फंक्शन वापरतंय कोण, म्हणून शोधत गेले तर फ्लॅटमॅप-स्ट्रीमपर्यंत पोचले. नोव्हेंबर उजाडला होता. विष अपडेटने आलं आणि सापडलंही अपडेटमुळेच. म्हणून ‘अपडेट वाईट’ असा सोपा धडा इथून निघत नाही.

आपल्याकडे एक मोठी जमात आहे, चालतंय ना, मग हात लावू नका. जुनं ते सोनं. त्यांच्यासाठी इक्विफॅक्सचं उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेतली लोकांच्या पतपात्रतेच्या नोंदी ठेवणारी कंपनी. अपाचे स्ट्रट्समधल्या एका भोकाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली. मे महिन्याच्या मध्यापासून हल्लेखोर इक्विफॅक्सच्या यंत्रणेत वावरत होते, ते त्याच भोकातून आत शिरून. जुलैअखेरीला कंपनीला कळलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुरुस्ती दोन महिने दुकानात पडून होती.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. २०१४ मधलं हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएलच्या १.०.१ मालिकेत ते भोक होतं. त्याआधीचं ०.९.८ आणि १.०.० ज्यांच्याकडे पडून होतं त्यांना काहीही झालं नाही. आळशी माणूस सुरक्षित आणि तत्पर माणूस उघडा. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजेच्या वेळी एकाच महिन्यात दुरुस्तीची दुरुस्ती, तिचीही दुरुस्ती असं चाललं होतं, २.१५, २.१६, २.१७. तेव्हा नवं चांगलं की जुनं, हा वाद मला निरर्थक वाटतो. खरी तक्रार अशी आहे की ही कमांड तीन वेगळी कामं एका शब्दात कोंबते. भोक बुजवणं हे एक काम. नव्या सोयी घेणं हे दुसरं. आणि अनोळखी माणसाला घरात घेणं हे तिसरं. पहिल्याला घाई हवी, दुसऱ्याला फुरसत, तिसऱ्याला चौकशी. ‘अपडेट’ म्हटलं की तिन्ही एकाच पिशवीत येतात, आणि पिशवीवर लिहिलेलं असतं ४१.

ही पिशवी वेगळी करता येते का? येते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत माणसं बसून हेच करतात. नवं व्हर्जन न घेता त्यातली फक्त सुरक्षेची दुरुस्ती काढून जुन्या व्हर्जनला लावतात. कंटाळवाणं, किचकट काम, बहुतांशी स्वयंसेवकांचं. त्याचा फायदा २०२४ मध्ये दिसला. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या पॅकेजाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार बसवलेलं होतं. ते बसवणाऱ्याने ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षं प्रामाणिक काम करून विश्वास कमावला होता. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला आणि त्यातून ते उघडकीला आलं. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत ते पोचलं होतं. स्थिर शाखेत नाही. एनपीएमकडे असा मधला माणूस नाही. लेखकाने छापलं की ते थेट तुमच्या ताटात. स्वस्ताई आणि वेग आहे, चाखून बघणारा कुणी नाही.

गो भाषेने दुसरी वाट धरली, आणि माझ्या मते आजवरचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तिचं आहे. रस कॉक्स यांनी २०१८ मध्ये ते मांडलं. इतर साधनं विचारतात, यादीत बसणारं सगळ्यात नवं कुठलं? गो विचारतं, सगळ्यांच्या गरजा भागतील असं सगळ्यात जुनं कुठलं? एका पॅकेजला ‘क’ चं किमान १.२ हवं, दुसऱ्याला किमान १.४ हवं, तर १.४ मिळेल. दुकानात १.९ आलेलं असलं तरी १.४ च. कारण त्या यादीत लिहिणाऱ्या कुणीतरी १.४ खरोखर चालवून बघितलेलं असतं. १.९ कुणीच बघितलेलं नसतं. नवं हवं तर तोंडाने मागा. फ्लॅटमॅपची युक्ती इथे अडखळली असती. आज रात्री कुणी नवं व्हर्जन छापलं म्हणून उद्या सकाळी तुमच्या घरात काही बदलत नाही.

याची किंमत आहे. खोल कुठेतरी एखादी दुरुस्ती झाली तर ती आपोआप वर येत नाही, कुणीतरी आकडा वाढवेपर्यंत जुनं भोक तसंच. हा आक्षेप खरा आहे आणि गोवाल्यांनी त्यावर २०२२ मध्ये ‘गोव्हल्नचेक’ काढलं. ते नुसतं ‘तुमच्याकडे धोक्याचं पॅकेज आहे’ असं ओरडत नाही. त्यातलं नेमकं धोक्याचं फंक्शन तुमचा कोड बोलावतो का, ते बघून सांगतं. याउलट ‘एनपीएम ऑडिट’. रिअ‍ॅक्टच्या टीममधले डॅन अब्रामोव्ह यांनी २०२१ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला आणि त्याची रचनाच मुळात चुकली आहे असं म्हटलं. फक्त बिल्ड करताना वापरायच्या, सर्व्हरवर कधीच न जाणाऱ्या पॅकेजांमधले धोकेसुद्धा ते लाल अक्षरांत मोजतं. रोज लांडगा आला म्हणून ओरडलं की गाव झोपून राहतं. आणि वर तो ‘फिक्स’, त्याला ‘फोर्स’ जोडायचा सल्ला तेच देतं. फोर्स लावला की यादीची मर्यादा ओलांडून मोठ्या आकड्याची उडी, जिच्याबद्दल थोड्या वेळापूर्वी पिवळ्या रंगात ‘जपून’ म्हणून सांगितलं होतं. तेच घर, दोन खोल्यांतून दोन सल्ले.

अलीकडे एक तिसरा उपाय आला आहे, नुसतं थांबण्याचा. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डिबग आणि अशाच अतिशय चलनातल्या काही पॅकेजांत विष घुसलं. सांभाळणाऱ्याला फसवा ईमेल आला होता, एनपीएमकडून आल्यासारखा. सुमारे दोन तासांत ती व्हर्जनं काढली गेली. दोन तास. म्हणजे ज्यांचं साधन ‘कालच्या आतलं काही घेऊ नकोस’ एवढंच समजत होतं त्यांना काहीही झालं नसतं. त्याच महिन्यात पीएनपीएमने तशी सोय दिली. पॅकेज किती जुनं झाल्यावर घ्यायचं ते मिनिटांत सांगा. यावर एक टोमणा ऐकायला मिळतो, सगळेच थांबले तर आधी खाऊन बघणार कोण? मला त्यात फारसा दम वाटत नाही. आता अशा गोष्टी पकडतात त्या बऱ्याचदा नव्या पॅकेजांवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा कंपन्या आणि त्यांची यंत्रं. त्यांना अपडेट मारणाऱ्या बळीची गरज नसते. मात्र एक्सझेडसारख्या, महिना-महिना दडून बसणाऱ्या गोष्टीला हा उपाय पुरा पडत नाही, हेही खरं. इव्हेंट-स्ट्रीमलाही पडला नसता.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: आमच्याकडे तीन-तीन वर्षं अपडेट होत नाही, कारण क्लायंट टेस्टिंगचे पैसे देत नाही. मग एक दिवस सिक्युरिटीवाले शंभर पानांचा रिपोर्ट पाठवतात आणि शुक्रवारपर्यंत सगळं अपडेट करा म्हणतात. सर, अशा वेळी नेमकं काय करायचं?

उत्तर: हिंजवडीत बहुतेक मजल्यांवर हेच चाललेलं असतं, तुम्ही एकटे नाही. पहिलं म्हणजे त्या शंभर पानांतली नावं काढा आणि नुसतं ‘अपडेट’ मारू नका. एकेका पॅकेजचं नाव देऊन अपडेट करता येतं, तसं करा. ते पॅकेज खोल कुणाच्या तरी पोटात असेल तर ‘एनपीएम एक्स्प्लेन’ सांगेल ते कुणी आणलं, आणि ‘ओव्हरराइड्स’ लिहून तेवढंच बदलता येतं. नव्या सोयींसाठीचे बदल वेगळ्या कमिटमध्ये, वेगळ्या दिवशी. सर्व्हरवर आणि बिल्ड मशीनवर ‘इन्स्टॉल’ नाही, ‘एनपीएम सीआय’ चालवा. ते पावतीबरहुकूमच माल आणतं, आणि यादी-पावतीचा मेळ बसला नाही तर काम थांबवतं.

आणि लॉक फाइलमधले बदल सगळे वाचायला जमणार नाहीत, तो आग्रह मी धरत नाही. एकच बघा, त्यात नवं नाव आलं आहे का? आकडे बदलतच असतात, नावं फार कमी वेळा येतात. आलं असेल तर ‘एनपीएम व्ह्यू’ला त्या पॅकेजची वेळ विचारा, ते कधी जन्माला आलं ते कळतं. फ्लॅटमॅप-स्ट्रीम इव्हेंट-स्ट्रीममध्ये शिरलं तेव्हा जेमतेम काही आठवड्यांचं होतं. टेस्टिंगच्या पैशांचं म्हणाल तर पुढच्या एस्टिमेटमध्ये महिन्याला अर्धा दिवस ‘डिपेंडन्सी’ म्हणून वेगळी ओळ घाला. खोडली गेली तरी घाला. शुक्रवारचा रिपोर्ट येईल त्या दिवशी ती ओळ कुणी खोडली ते कागदावर असेल.